टपावरचा संसार उतरवा

जुनी फोर-बाय-फोर घेतलीत? छान केलंत. आता महिनाभर तिला काहीही लावू नका. नुसती चालवा. ऑफिसला न्या, मंडईत न्या, रविवारी घरच्यांना घेऊन ताम्हिणी उतरा, भर पावसात उभी करून कुठून गळते ते बघा. तिला काय हवंय ते गाडीच सांगते. पण ऐकायला थांबतो कोण? कागद नावावर व्हायच्या आधीच गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानापुढे उभी राहते आणि संध्याकाळी बाहेर पडते ती पुढे लोखंडी बंपर, टपावर कॅरियर आणि काचेच्या वर एलईडीची पट्टी घेऊन. टायर तेच जुने, कडक झालेले. ब्रेकचे लायनर तेच. मागच्या सीटचा पट्टा सीटच्या फटीत गेलेला, तोही तिथेच.

हा क्रम उलटा आहे, आणि तो घरच्यांच्या जिवावर बेततो.

घरच्यांना घेऊन आपल्या गाडीने लांब जावं, हा बेत मला मनापासून आवडतो. मुलांना देश विमानाच्या खिडकीतून कळत नाही. आजी-आजोबांनी आयुष्यभर ऐकलेला हिमालय त्यांना डोळ्यांनी दिसावा, यापेक्षा चांगला खर्च कुठला? नवी फोर-बाय-फोर परवडत नाही म्हणून जुनी स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, थार, जिप्सी किंवा फॉर्च्युनर घेणं हेही शहाणपणाचंच. माझं भांडण आहे ते पैसा आधी कुठे जातो याच्याशी. जो बदल फोटोत दिसतो त्यावर पहिला पैसा, आणि जो बदल घाटात वाचवतो त्यावर उरलासुरला, असं चालणार नाही.

एक साधा हिशेब मांडू. पुण्याहून मनालीमार्गे लेह म्हणजे जाताना अडीच हजारांच्या आसपास किलोमीटर. त्यातले बहुतेक सरळ महामार्गाचे. उरलेल्यातलाही बहुतेक रस्ता डांबरी, सीमा सडक संघटनेने राखलेला. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जास्त जोर देणारा संथ गिअर, टाकायची वेळ आली तर थोड्या अंतरापुरती, एखाद्या नाल्यात किंवा दरड कोसळलेल्या वळणावर. म्हणजे तुम्हाला हवी आहे ती ताशी नव्वदने दिवसभर सरळ धावणारी, उतारावर भरवशाने थांबणारी आणि सहा माणसांची पाठ शाबूत ठेवणारी गाडी. दुकानात तयार होते ती मात्र चिखलाच्या शर्यतीची.

खाली आडवे व्हा

गाडी अजून घ्यायची असेल तर चकाकी बघू नका, खाली आडवे व्हा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासीच्या दोन्ही दांड्यांवर पुढून मागे टकटक करत जा. शाबूत लोखंड खणखणीत बोलतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीत ही तपासणी टाळूच नका. दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या तळाला नुकताच काळा कुळकुळीत थर मारलेला दिसला, तर खूश होऊ नका. त्याखाली काय झाकलंय ते विचारा.

मग ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचा, ड्रेन नट सोडायला लावा. मालक कुरकुरला तर गाडी सोडा. बऱ्याच गाड्यांत त्या नटाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ गाळ असेल तर ती वयाची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा तुकडे निघाले तर आतले दाते तुटत आहेत. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. दोन्ही डिफरन्शिअलचीही हीच परीक्षा घ्या. अर्ध्या तासात कळतं की ही गाडी पाण्यात बुडवलेली आहे की नुसती चालवलेली.

त्यानंतर मातीच्या मोकळ्या जागेत फोर-हाय आणि फोर-लो प्रत्यक्ष टाकून बघा. बटणाने चालणाऱ्या गाड्यांत ही मोटर वर्षानुवर्षं न वापरल्याने जाम होते. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढू लागली असं समजू नका. ही परीक्षा कोरड्या डांबरावर मात्र घेऊ नका. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं. पार्ट-टाइम पद्धतीत मध्ये डिफरन्शिअल नसतो, त्यामुळे सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. गाडी घेतल्यावरही महिन्यातून एकदा मातीवर फोर-बाय-फोर टाकत जा.

कागदांबाबतही तितकेच कडक राहा. फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेली चलनं, विम्याचा इतिहास, सगळं हातात घ्या. दिल्लीकडची डिझेल एसयूव्ही स्वस्तात मिळते, याचं कारण उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येत राहिल्या. जरूर घ्या, पण ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात भरायचा रस्ता कर धरून किंमत काढा. मग स्वस्त किती उरते ते बघा.

वजन: सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित

प्रत्येक गाडीला वजनाची एक मर्यादा असते. माणसं आणि सामान धरून गाडी जास्तीत जास्त किती किलोंची असावी, हा आकडा कंपनी ठरवते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरतं ती तुमची खरी जागा. बहुतेक जुन्या चासीवाल्या फोर-बाय-फोरमध्ये ती पाचशे ते सातशे किलोंच्या दरम्यान असते. सहाशे धरून चालू.

आता भरा गाडी. आई-बाबा, आजी-आजोबा मिळून २६० किलो. दोन मुलं ७०. झाले ३३०. लोखंडी कॅरियर ४०. टपावर उघडणारा तंबू ६०. लोखंडी बंपर आणि विंच ७०. दुसरी लेड-ॲसिड बॅटरी २५. रिकामा फ्रिज २०. सुताराकडून करून घेतलेले प्लायचे ड्रॉवर ६०. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. बेरीज करा: ६४५.

मर्यादा ओलांडली, आणि अजून एकही बॅग चढलेली नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण, शेगडी, तांदूळ, हत्यारं, आजोबांची औषधं, मुलांची खेळणी, सगळं घरीच आहे.

या जास्तीच्या वजनाची किंमत कोण भरतं? ब्रेक भरतात. रोहतांगच्या उतारावर तापून मऊ पडलेला ब्रेक तुमचे हप्ते बघत नाही. टायर भरतात, शॉकअप भरतात, चाकाचं बेअरिंग भरतं, आणि शेवटी मागे बसलेली माणसं भरतात. पाटे दबलेली गाडी मागून खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, स्टीअरिंग उशिरा ऐकतं. यावर दुकानदाराचा उपाय काय? जास्त कडक पाटे लावा. त्याने गाडी उंच दिसते, पण तिची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. चासी, ॲक्सल आणि ब्रेक तेच राहतात.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम म्हणणं: दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जा. औद्योगिक वसाहतीजवळ किंवा बाजार समितीच्या आसपास काटा सापडतोच. ट्रकवाला रोज ज्या काट्यावर उभा राहतो, त्यावर आपल्या कुटुंबाची गाडी एकदा तरी उभी करा. टाकी भरून, सगळी माणसं बसवून, सगळं सामान लावून. मग पुढचा ॲक्सल वेगळा आणि मागचा वेगळा तोला. हातात आलेली पावती कुठल्याही व्हिडिओपेक्षा खरं सांगते.

टप म्हणजे माळा नव्हे

चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालेल, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांत ते ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतं, कॅरियर धरून. लोखंडी कॅरियर आणि तंबू यांतच ते संपतं. त्यावर लोक स्टेपनी, डिझेलचे कॅन आणि लोखंडी पेट्या चढवतात. उंच गाडीचा भार आणखी वर गेला की वळणावर ती आधी कलते आणि मग उलटते. माळशेजच्या वळणावर चाळीसच्या वेगात हे घडू शकतं, त्याला शर्यत लागत नाही.

टपावरच्या तंबूबद्दल आणखी एक स्पष्टच विचारते. त्यात दोन मोठी माणसं आणि फार तर एक मूल मावतं. तुमच्या घरातली बाकीची माणसं कुठे झोपणार? रात्री दोन वाजता आजीला उठावं लागलं तर ती अंधारात शिडी उतरणार? कुटुंबाचा प्रवास म्हणायचं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा विचारच करायचा नाही, हे मला पटत नाही. जमिनीवरचा चांगला चौघांचा तंबू आठ किलोंच्या आत मिळतो. स्पितीत, लाहौलमध्ये, आपल्या भंडारदऱ्यात किंवा वेळासला गावातल्या घरी राहण्याची सोय होते. पैसा गावात राहतो, आजीला पलंग मिळतो, टप मोकळा राहतो.

हेच ड्रॉवरचं. जाड प्लायच्या सुंदर खणांऐवजी भाजीबाजारातले प्लॅस्टिकचे क्रेट घ्या, रॅचेटच्या पट्ट्यांनी जमिनीच्या हुकांना आवळा आणि सीटच्या मागे मजबूत जाळी बांधा. जाळी हवीच. ताशी पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर मोकळी ठेवलेली दहा किलोंची वस्तू तीनशे किलोंच्या जोराने पुढे येते. पुढे तुमच्या मुलाचं डोकं असतं. घर बदलताना टेंपो भरावा तशी डिकी भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आधी पट्टे, मग बाकी सगळं

जुन्या जिप्सीत, २०२० पूर्वीच्या थारमध्ये आणि स्कॉर्पिओच्या काही जुन्या मॉडेलांत मागे समोरासमोरची बाकडी असतात. मुलांना ती फार आवडतात. तिथे मुलांना बसवू नका. टक्कर समोरून होते आणि शरीर बाजूला तोंड करून बसलेलं असतं. पट्टा असला तरी तो कमरेपुरता, आणि अनेक जुन्या गाड्यांत तोही नाही. अशा गाडीत पुढे तोंड करून बसणारी जितकी माणसं मावतात, तितकीच प्रवासाला न्या. मागचं बाकडं सामानाचं. सहाजण असाल तर सहा पट्ट्यांची गाडी घ्या. हा निर्णय गाडी घेण्याआधीचा आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही गेले, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते. त्या गाडीला एअरबॅग होत्या, नाव होतं, किंमत होती. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या पट्ट्याबद्दल बोलले आणि मग विसरले. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य बालआसन बंधनकारक आहे, नसेल तर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा. मागचे सगळे पट्टे फटीतून बाहेर काढा, पूर्ण ओढून बघा, झटका दिल्यावर अडकतात का बघा. विरलेला किंवा न अडकणारा पट्टा बदला. जुन्या गाडीवरचा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल आहे.

टायर, उंची आणि थांबणं

टायरच्या कडेला डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांवरचा टायर घेऊन घरच्यांना हिमालयात नेऊ नका. नवे घेताना कंपनीने सांगितलेला आकार आणि भारांक सांभाळा. चिखलाचे मोठ्या गोट्यांचे टायर ओल्या डांबरावर घसरतात आणि आपला अर्धा प्रवास ओल्या घाटांचा असतो. चांगले ऑल-टेरेन पुरतात. स्टेपनीही त्याच आकाराची, त्याच वयाची हवी. पूर्ण भरलेल्या गाडीला हवा किती, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. एक छोटा कंप्रेसर बाळगा. वाळूत हवा उतरवली तर डांबरावर यायच्या आधी भरा. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो.

गाडी दोन इंच उचलून घेण्याची हौस सोडा. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो, शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात, लवकर जातात, आणि हेडलाइट समोरच्याला आंधळं करतात. कंपनीचा जॅकही मग पुरत नाही, हे पंक्चर झाल्यावर कळतं. शिवाय त्या दोन इंचांनी आजीच्या गुडघ्याला दोन इंच जास्त चढावं लागतं. त्या पैशात चारही शॉकअप नवे घाला, सगळे बुश आणि बॉल जॉइंट बदला, ब्रेकच्या डिस्क, लायनर आणि रबरी नळ्या नव्या करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला. चढायला एक मजबूत पायदान आणि पकडायला एक हँडल लावा. आजोबा प्रत्येक थांब्यावर तुम्हाला दुवा देतील.

लोखंड, दिवे आणि कायदा

पुढच्या लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं. कारण शुद्ध यंत्रशास्त्राचं आहे. गाडीचा पुढचा भाग चुरडून धक्का खाण्यासाठी बनवलेला असतो, आणि एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशेबाने बसवलेले असतात. लोखंडी बार तो धक्का थेट चासीला देतो, आणि चालत्या माणसाला तो लागला तर वाचण्याची शक्यता घटते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. याचा व्यवहारी अर्थ एवढाच: चासी, बॉडी, इंजिन आणि सीटांची संख्या यांना हात लावू नका. आत जे कराल ते चार बोल्ट सोडल्यावर निघेल असं करा. जे लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला तो बदल पहिल्यांदा दिसला, तर दावा अडकतो.

काचेवरची एलईडी पट्टी रस्त्यावर लावणं हा सरळ दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. समोरून येणारा एसटीचा चालक त्या प्रकाशात काही सेकंद काहीच पाहू शकत नाही, आणि त्याच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. मूळ हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून घ्या, योग्य उंचीला लावा, खाली बसणारे फॉगलॅम्प घ्या. धुक्यात एवढंच कामाला येतं.

फ्रिज हवा असेल तर वायरिंग जाणकाराकडून करून घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, योग्य जाडीची तार, आणि इंजिन बंद असताना मुख्य बॅटरी उतरू नये अशी सोय. गाडीचं मूळ वायरिंग सोलून तारा जोडणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. जुन्या गाड्या अशाच पेटतात. दुसरी बॅटरी घ्यायचीच असेल तर लिथियमची घ्या. शंभर अँपिअर-तासाची चांगली बॅटरी बारा किलोंच्या आसपास असते, लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी.

डिझेल, पाणी, गॅस

मनाली–लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ही पाटी पाहून लोक टपावर चार कॅन बांधतात. गणित करा. जुन्या स्कॉर्पिओची टाकी ६० लिटरची. चढावर लिटरला नऊ किलोमीटर धरले तरी ५४० किलोमीटर होतात. फॉर्च्युनरची टाकी ८० लिटरची. यांना तांदीला टाकी भरली की पुरते. जिप्सीची टाकी ४० लिटरची, तिला एक कॅन हवा, तोही खाली, बांधलेला, माणसांपासून लांब. प्रवास ठरवताना पंपांमधली अंतरं लिहून काढा. न नेलेल्या प्रत्येक कॅनने वीस किलो वाचतात.

इंजिनाला उंचावरून हवा देणारं स्नॉर्केल लावलं म्हणून पूर आलेला ओढा ओलांडू नका. फूटभर खोलीचं जोराचं पाणी लहान मोटार वाहून नेतं, दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्ही उचलतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. गाडीत मुलं असताना याला अपवाद नाही.

अडकलेली गाडी टोचन लावून ओढताना दोर बंपरला, शोभेच्या टो-बारला किंवा ट्रकवरून नेताना गाडी बांधायच्या कडीला लावू नका. ओढण्यासाठीचा मूळ हुक कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा. दोर ताणला की सगळ्यांनी दोराच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं. निखळलेली कडी गोळीसारखी सुटते.

स्वयंपाकाचा गॅस उभा, बांधलेला, रेग्युलेटर काढून न्या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की गाडीच्या तळाशी साचतो. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवू नका. थंडीत ऊब हवी म्हणून पेटवलेल्या शेगडीच्या विषारी वायूने झोपेतच माणसं जातात, आणि त्या वायूला वासही नसतो.

बायकांचं पाणी

ज्या बदलाबद्दल कुठलंही दुकान बोलत नाही, तो हा. आपल्याकडे लांबच्या प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छ शौचालय नसतं, आडोसा नसतो, आणि गाडी पुन्हा थांबवायला सांगायचा संकोच असतो. आई, आजी, वयात आलेली मुलगी, तिघी सकाळपासून तोंड कोरडं ठेवून बसतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे शरीराला पाणी जास्त लागतं, आणि कमी पडलं की डोकेदुखी, मळमळ सुरू होते. मग विरळ हवेला दोष दिला जातो.

घडीची कमोड खुर्ची, एका मिनिटात उभा राहणारा छोटा आडोशाचा तंबू, बंद होणाऱ्या पिशव्या, हात धुवायला पाच लिटरचा नळाचा कॅन. सगळं मिळून विंचइतकंही वजन नाही. हे गाडीत आहे हे कळलं की त्या पाणी पितात, हसतात, खिडकीतून बघतात. कुटुंबाच्या गाडीवरचा सगळ्यात मोलाचा बदल कोणता असं मला कुणी विचारलं, तर पट्ट्यांनंतर मी याचंच नाव घेते. आणि दर दोन तासांनी गाडी थांबवायची, कुणी मागितलं नाही तरी.

चाक कुठे घालायचं नाही

चारही चाकांना जोर आहे म्हणून ती कुठेही घालायचा हक्क मिळत नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. बारसू, उक्षी, कशेळी ही त्यांतली काही गावं. बरीच शिल्पं उघड्यावर आहेत, आणि पावसाळ्यात गवताखाली ती दिसतही नाहीत. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिलांना वर येता येत नाही. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथली मातीची चादर काही इंचांची असते, एका चाकोरीने उखडलेली जागा वर्षानुवर्षं भरत नाही. रस्ता जिथे संपतो तिथे गाडी लावा आणि मुलांना चालायला शिकवा.

मग क्रम कसा?

आधी पट्टे आणि बालआसन. मग सगळी ऑइलं, कूलंट, बेल्ट, होस, बेअरिंग. मग ब्रेक. मग टायर. मग शॉकअप. मग जाळी आणि पट्ट्यांनी बांधलेलं सामान. मग कमोड आणि पायदान. मग कंप्रेसर, पंक्चरचा संच, फावडं आणि जॅकखाली घालायची जाड फळी. एवढ्यानंतर वजनकाट्यावर जा. पावतीवर जागा उरली आणि खिशात पैसे उरले, तर फ्रिज घ्या. विंच घेऊ नका. सहा माणसं घेऊन जिथे विंच लागेल, तिथे जायचंच नाही.

लडाख पुढच्या वर्षी. पहिली सुट्टी भंडारदऱ्याला किंवा राधानगरीला, दोन रात्रींची, सगळ्यांना घेऊन. परत आल्यावर गाडी दारात पूर्ण रिकामी करा. जी वस्तू दोन दिवसांत एकदाही हातात घेतली नाही ती घरात ठेवा. प्रथमोपचाराची पेटी, स्टेपनी आणि हत्यारं तेवढी याला अपवाद. मग सगळ्यांना बसवून विचारा, कुणाला काय टोचलं, काय कमी पडलं. आधी आजीला विचारा, शेवटी चालकाला. त्यांची उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. दुकानदाराने त्यात नसलेलं काही दाखवलं, तर घेऊ नका.